कॉफी सोडताना होणारी डोकेदुखी

मांजरी बुद्रुकच्या एखाद्या चाकरमान्याने कॉफी एकाएकी वर्ज्य करावी आणि दुसऱ्या दिवशी कपाळ ठणकू लागावे, की त्याचा ठपका बहुधा पित्तावर अथवा दुबळ्या मनोनिग्रहावर ठेवला जातो. वस्तुतः ती पुष्कळदा कॅफीनची ‘विथड्रॉवल’ लक्षणे (नित्याचा पदार्थ अकस्मात तुटल्याने होणारा तात्पुरता त्रास) असतात. पुणे-दौंड गाडीत रुमाल टाकून जागा धरावी, त्याप्रमाणे ॲडेनोसिनची (थकव्याची जाणीव देणारे द्रव्य) मेंदूतील आसने कॅफीन अडवून ठेवते. शरीर कालांतराने आसने वाढवते, आणि रुमाल उचलताच खोळंबलेले उतारू एकदम बसून घेतात, रक्तवाहिन्या रुंदावतात व डोके दुखते. हा त्रास साधारणतः १२ ते २४ तासांत सुरू होऊन २ ते ९ दिवसांत ओसरतो. सबब कॉफी दोन-तीन आठवड्यांत पाव-पाव कपाने कमी करावी, आणि तिच्याऐवजी घेतलेल्या चहातही कॅफीन असते, हे ध्यानात ठेवावे.