बोटांचा बास्केटबॉल

गोसीखुर्द म्हटलं की लोकांना धरण आठवतं. वैनगंगेवरचं, ३३ दरवाजांचं. बास्केटबॉल कोणालाच आठवत नाही, आणि त्यात चूक काही नाही. पवनी तालुक्याच्या आमच्या या भागात पोट्टे कबड्डी खेळतात, व्हॉलीबॉल खेळतात, धानाची कापणी झाली की मोकळ्या बांध्यांत क्रिकेट मांडतात. बास्केटबॉल हातात घेतलेला मुलगा मात्र शोधूनच काढावा लागतो. असं असूनही मी शाळेच्या मैदानावर उभा असलो की नव्या पिढीच्या तोंडी करी, लेब्रॉन, थ्री पॉइंटर असे शब्द ऐकू येतात. शिकायला नागपूरला गेलेला एखादा मोठा भाऊ सुटीत लॅपटॉप घेऊन येतो, कोणाच्या हाती मोबाइल असतो, आणि 'एनबीए टू-के' सुरू होतो. मुलांना हा खेळ मैदानावर नाही, पडद्यावर भेटलेला आहे.

पालक मला विचारतात, "सर, हा खेळ चांगला की वाईट?" याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. आधी तो खेळ काय आहे हे समजून घेऊ.

बास्केटबॉलचे व्हिडिओ गेम साधारण दोन जातींचे. पहिली जात निव्वळ धमालीची. १९९३ साली आलेला 'एनबीए जॅम' हा तिचा नमुना. दोन विरुद्ध दोन खेळाडू, माणूस घरभर उंच उडी मारणार, आणि एकाच खेळाडूने लागोपाठ तीन बास्केट केल्या की चेंडूला आग लागणार! तिथे खऱ्या खेळाशी इमान राखण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरी जात म्हणजे सिम्युलेशन, खऱ्याची हुबेहूब नक्कल. वैमानिकाला जमिनीवर बसवून विमान चालवायला शिकवणारं यंत्र असतं ना, तीच कल्पना. 'एनबीए टू-के' या जातीतला. १९९९ साली तो सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या यंत्रावर आला, आणि तेव्हापासून जवळपास दरवर्षी त्याची नवी आवृत्ती निघते.

त्याची गोडी कशात आहे? पहिली गोडी हुबेहूबपणात. अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेतले तीसच्या तीस संघ त्यात आहेत. खेळाडूची चेंडू फेकण्याची लकब, घाम पुसण्याची सवय, समालोचकांची बडबड, सगळं आहे. हुबेहूबपणा इतका, की खेळाडूंच्या अंगावरच्या गोंदणाच्या नक्षीवरून एका कंपनीने या गेमवाल्यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयात खेचलं. २०२० साली निकाल गेमच्या बाजूने लागला. गोंदणाची नक्षी ओळखू येते म्हणून खटला होतो, यावरून चित्र किती बारकाईने काढलेलं असेल याचा अंदाज यावा.

दुसरी गोडी मला जास्त मोलाची वाटते. हा गेम खेळ बघायला शिकवतो. उदाहरण सांगतो. बास्केटबॉलमध्ये 'पिक अँड रोल' नावाचा डाव आहे. चेंडू असलेल्या खेळाडूच्या मागे बचाव करणारा लागलेला असतो. अशा वेळी साथीदार येतो आणि त्या बचाववाल्याच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो. क्षणभर वाट अडते. चेंडूवाला निसटतो, आणि खांब झालेला साथीदार वळून रिंगकडे धावतो. आता बचाव करणाऱ्यांनी कोणाला धरायचं? कबड्डीत साखळी धरणारे दोघं चढाई करणाऱ्याला असंच कोड्यात टाकतात. टीव्हीवर सामना बघताना हा डाव डोळ्यांना लवकर दिसत नाही. गेममध्ये तो स्वतःच रचावा लागतो, म्हणून कळतो. ज्या मुलाने कधी बास्केटबॉलचं मैदान पाहिलेलं नाही तो मला हा डाव पाटीवर काढून दाखवतो, तेव्हा त्याचं श्रेय त्या गेमला दिलंच पाहिजे.

आता उणिवांकडे वळू.

गेममध्ये चेंडू टाकायचा म्हणजे बटण दाबून धरायचं आणि अचूक क्षणी सोडायचं. पडद्यावर हिरवा रंग चमकला की बास्केट झालीच समजा. आता खऱ्या खेळाकडे बघा. स्टीफन करी हा लांबून चेंडू टाकण्यात अव्वल मानला जाणारा खेळाडू. २०१५-१६ च्या हंगामात त्याने ४०२ थ्री पॉइंटर मारले. तो त्या वेळी विक्रम होता. त्यासाठी त्याने चेंडू टाकला ८८६ वेळा. म्हणजे विक्रमाच्या वर्षातही त्याचे ४८४ प्रयत्न वाया गेले, निम्म्याहून अधिक! सगळं बरोबर करूनही चेंडू कडीला लागून बाहेर येतो, हा या खेळाचा पहिला धडा आहे. गेमची सवय झालेला मुलगा मैदानावर येतो, दहातले आठ चेंडू चुकतात, आणि "सर, मला नाही जमत" म्हणून बाजूला बसतो. त्याला जमत नसतं असं नाही. हिरव्या रंगाने त्याला खोटी आशा लावलेली असते.

दुसरी उणीव नियमांची. गेममध्ये एनबीएचे नियम आहेत. आपल्याकडच्या शालेय आणि राज्य स्पर्धा फिबा या जागतिक संघटनेच्या नियमांच्या वळणाने चालतात. एनबीएत डाव १२ मिनिटांचा, फिबात १० मिनिटांचा. एनबीएत सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर, फिबात पाचव्यालाच. थ्री पॉइंटरची रेषा एनबीएत ७.२४ मीटरवर, फिबात ६.७५ मीटरवर. चेंडू एकदा कडीला लागला की फिबाच्या नियमाने तो कोणीही ढकलू शकतो. एनबीएत तो कडीच्या वर असेपर्यंत हात लावता येत नाही. म्हणून पडद्यावर शिकलेलं जसंच्या तसं मैदानावर चालत नाही.

तिसरी उणीव मुलींच्या बाबतीत. अमेरिकेत महिलांची डब्ल्यूएनबीए ही स्पर्धा १९९७ पासून सुरू आहे, पण 'टू-के'मध्ये महिलांचे संघ आले ते २०१९ मध्ये निघालेल्या आवृत्तीत. वीस वर्षं या गेमने मुलींना जणू सांगितलं, की हा खेळ तुमचा नाही.

चौथी उणीव सगळ्यांत गंभीर, कारण ती थेट घरच्या पैशाला हात घालते. गेममध्ये आपण स्वतःचा एक खेळाडू तयार करतो. सुरुवातीला त्याची पात्रता शंभरात साठच्या आसपास असते. ती वाढवायला 'व्हीसी' नावाचं गेममधलं चलन लागतं. हे चलन सामने खेळून मिळतं, पण मुंगीच्या पावलाने. झटपट हवं असेल तर खरे पैसे भरा. शिवाय खेळाडूंची बंद पाकिटं मिळतात. आत कोण निघेल हे नशिबावर. जत्रेतल्या सोडतीचाच हा प्रकार. बेल्जियमच्या जुगार नियंत्रकांनी २०१८ साली अशा पाकिटांना जुगार ठरवलं, आणि तिथे ती पैसे घेऊन विकणं या गेमलाही थांबवावं लागलं. आपल्याकडे २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ बंद केले. इथे मात्र रोख काही जिंकायचंच नसतं. पैसा फक्त एका दिशेने वाहतो, म्हणून पालकांच्या लक्षातही लवकर येत नाही.

आणि विकत घेतलेलं टिकतं किती? पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली की साधारणपणे सारं पुन्हा पहिल्यापासून. २०१९ च्या आवृत्तीचे सर्व्हर २०२१ च्या अखेरीस बंद झाले. ऑनलाइन जमवलेला संघ त्याबरोबर गेला. मैदानावर दोन वर्षं गाळलेला घाम असा कोणाला बंद करता येत नाही.

मग गेम बंद करायचा का? माझं मत तसं नाही. बंदी घातली की पोट्टे दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळतील. मी पालकांना तीन गोष्टी सांगतो. एक, मोबाइलवरचं बँक खातं आणि यूपीआयचा पिन मुलाच्या हाती देऊ नका. गेम खेळायचाच तर ऑनलाइन न जाता दोन भावंडांनी शेजारी बसून खेळावा. त्यात पैसा लागत नाही आणि गंमत जास्त येते. दोन, पडद्यावर शिकलेला एखादा डाव दुसऱ्या दिवशी मैदानावर करून बघायला सांगा. डोक्यात आहे ते पायात उतरतं का, हे तिथेच कळतं. तीन, शाळेला एक कडी मागा.

हे तिसरं सगळ्यांत सोपं आहे. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी हा खेळ सुरू केला, तेव्हा त्याच्याजवळ होत्या फळांच्या दोन टोपल्या आणि फुटबॉलचा एक चेंडू. त्याने त्या दहा फुटांवर ठोकल्या. आजही कडीची उंची तीच आहे, ३.०५ मीटर. गावातला वेल्डर लोखंडी सळई वाकवून कडी करून देतो, आणि भक्कम खांब आपल्याकडे कुठेही मिळतो. गेममधल्या तीस संघांची नावं आमच्या मुलांना पाठ आहेत. आता त्यांच्या हातात चेंडू द्यायचा, आणि दहातले आठ चुकले तरी नवव्यांदा टाकायला लावायचं, हे काम आपल्या मोठ्यांचं आहे.