तरोटा : भाजी जरूर खा, पण नायट्यावर उपचार म्हणून नको

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की नागपूरच्या आसपास बांधावर, रस्त्याकडेला, पडीक जागेत तरोटा उगवतो. पश्चिम महाराष्ट्रात याच झाडाला टाकळा म्हणतात.

भाजी कशी करावी?
फुलोरा येण्यापूर्वीची कोवळी पाने घ्यावीत. जून पाने कडवट लागतात. पाने दोन-तीन पाण्यांतून धुवून, कांदा-लसणाच्या फोडणीत भिजवलेल्या डाळीसोबत शिजवावीत. सांडपाण्याजवळची किंवा तणनाशक फवारलेल्या शेतातली भाजी तोडू नये. पानांत आणि बियांत सौम्य रेचक द्रव्ये असतात. त्यामुळे एकदम जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात. गरोदर स्त्रियांनी बियांचे चूर्ण किंवा काढा घेऊ नये.

नायट्यावर पाला लावावा का?
आयुर्वेदात तरोट्याला चक्रमर्द आणि दद्रुघ्न, म्हणजे नायटा नष्ट करणारा, अशी नावे आहेत. त्यातील क्रायसोफॅनॉल हे द्रव्य प्रयोगशाळेत काही बुरशींची वाढ रोखते. पण घरी वाटलेल्या लेपाने नायटा पूर्ण बरा होईल याची खात्री नाही. खाजवलेल्या त्वचेवर लेपाने आग होते, जखम चिघळते आणि तोवर नायटा घरातल्या इतरांना लागतो. दुकानातून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम तर आणखी वाईट. खाज थांबते, बुरशी मात्र पसरत जाते. योग्य औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे लावावे. घरात इतरांनाही खाज असेल तर त्यांचेही उपचार एकाच वेळी करावेत.

विषारी भाऊबंद ओळखा
तरोट्याच्या एका पानावर गोलसर टोकांच्या पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, शेंगा लांब व बारीक असतात. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार असतात, चार ते सहा जोड्यांत येतात आणि शेंगा चपट्या असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले अचानक दगावत. हा मेंदूज्वर असावा असे वर्षानुवर्षे समजले जाई. कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्याने यकृत, स्नायू व मेंदूला इजा होते, हे २००७ च्या सुमारास डॉक्टरांनी दाखवून दिले.

डॉक्टरांकडे कधी जावे?
रानातल्या शेंगा खाल्लेल्या मुलाला उलट्या, गुंगी, विचित्र बडबड किंवा झटके येत असतील तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात न्या. खाल्लेली शेंगही सोबत ठेवा. नायटा चेहऱ्यावर किंवा जांघेत असेल, पसरत असेल किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.