दोरीला सापच समजा

दोरीला साप समजणं हे वेदान्तातलं भ्रमाचं ठरलेलं उदाहरण. विमान शिकवणारे मात्र सांगतात, दोरीला सापच समजा!

सेसना १७२ सारख्या शिकाऊ विमानात उड्डाणापूर्वी विद्यार्थी प्रोपेलरच्या पात्याची कड बोटांनी चाचपतो. खडा लागून पडलेल्या बारीक खाचेतूनही पुढे तडा वाढतो, पात्याचा तुकडा उडू शकतो. म्हणजे पात्याला हात लावणं भाग आहे. इंजिन तर बंद आहे. पण हे कळलं कशावरून? किल्लीवरून!

इथेच गोम आहे. मॅग्नेटो स्वतःच ठिणगी तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. किल्ली बंद केली की एका तारेमार्फत तो इंजिनाच्या धातूला जोडला जातो, आणि ठिणगी थांबते. ती तार तुटली, तर किल्ली बंद आणि मॅग्नेटो जिवंत. सिलिंडरमध्ये थोडं इंधन उरलं असेल, तर हाताने जरा फिरवलेलं पातं एकदम उसळतं. त्यात हात जातो, कधी जीवही. धुरावरून अग्नीचं अनुमान ठीक आहे हो, पण किल्लीवरून इंजिनाचं? तिथे व्याप्तीच नाही.

म्हणून पातं उगाच फिरवायचं नाही, अंग त्याच्या फेऱ्याबाहेर ठेवायचं. आणि पुष्कळ ठिकाणी उड्डाणानंतर, इंजिन मंद चालू असताना, किल्ली क्षणभर बंद करून पाहतात. इंजिन तरीही चालतच राहिलं, तर मेकॅनिकला बोलवायचं.