फ्लेक्सारेट का जमवावा?

जुने फिल्म कॅमेरे जमवणाऱ्यांची नजर आधी लायका आणि रोलायफ्लेक्सकडे वळते, आणि किमतीही तिथेच चढतात. पण यंत्र समजून घ्यायचे असेल, तर तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या प्शेरोव्ह शहरातली मेओप्टा कंपनी संग्राहकाला अधिक देते, असे माझे ठाम मत आहे. 1933 मध्ये ऑप्टिकोटेक्ना नावाने सुरू झालेल्या या कंपनीचे युद्धानंतर राष्ट्रीयीकरण झाले, नाव बदलले; तिचा दोन भिंगांचा फ्लेक्सारेट कॅमेरा मात्र पुढेही बनत राहिला. ही रोलायफ्लेक्सची नक्कल, असा आक्षेप घेतला जातो. मांडणी तिथूनच आली, हे खरे. पण इथे फोकससाठी बाजूला चाक नाही. भिंगाखाली डावी-उजवीकडे सरकणारा दांडा आहे, तो कोणत्याही हाताच्या बोटाने हलतो. नंतरच्या मॉडेलांत जोडसाहित्य बसवून 35 मिलिमीटरची फिल्मही चालते. निव्वळ नक्कल करणारा एवढा विचार करत नाही. दुरुस्तीचे काय? शटर अडकते ते बहुधा वंगण सुकल्यामुळे, आणि जाणकार कारागीर ते साफ करू शकतो. याला लागणारी 120ची फिल्म आजही बनते, म्हणून हा कॅमेरा कपाटात ठेवू नये. विकत घेताना एक सेकंदाचा वेग लावून शटर नीट ऐका आणि भिंगात बुरशी नाही ना, ते उजेडात पाहा.