घशात गोळा अडकल्यासारखं वाटतंय? घास उतरतो का ते आधी बघा

इस्लामपूर : घशात काहीतरी अडकलंय, खाकरलं तरी सुटत नाही, पाणी प्यालं तरी जात नाही. ही तक्रार महिनोन्‌महिने चालली की माणूस धास्तावतो, कॅन्सर तर नाही ना? डॉक्टरी भाषेत याला ‘ग्लोबस’ म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थच गोळा. बहुतेक वेळा घशात प्रत्यक्षात काहीच अडकलेलं नसतं.

ओळखायची खूण सोपी आहे. नुसता आवंढा गिळताना गोळा जाणवतो, पण भाकरी-आमटी खाताना तो कमी होतो. घास कुठं अडत नाही, दुखत नाही.

मग गोळा येतो कुठून? पोटातलं आम्ल वर येऊन घसा चुरचुरतो. रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी पाजून आलं, उशिरा जेवलं आणि लगेच अंथरुणावर पडलं, की हा त्रास वाढतो. नाकातला शेंबूड मागून घशात उतरणं, थायरॉईडची गाठ ही पण कारणं असतात. ताणामुळं अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळला जातो. कंठ दाटून येतो म्हणतात, ते उगाच नव्हे.

पूर्वी युरोपात हा बायकांचा ‘हिस्टेरिया’ समजत. 1968 मध्ये माल्कमसन या डॉक्टरांनी बहुतेक रुग्णांत तसं काही नसल्याचं दाखवून आजाराचं नाव बदललं. त्यामुळं घरातल्या बाईला ‘नाटकं करते’ म्हणू नये.

रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकावं. उपाशीपोटी चहा टाळावा. सारखं खाकरल्यानं घसा जास्त सुजतो. त्याऐवजी घोटभर पाणी प्यावं. बोट घालून पडजीभ उचलून घेण्याच्या नादाला लागू नये. मनावर ताण असेल तर टेलि-मानसच्या 14416 या मोफत नंबरवर बोलता येतं.

मात्र घास अडकत असेल, गिळताना दुखत असेल, वजन घटत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, मानेत गाठ लागत असेल, एकाच बाजूला त्रास किंवा कानात कळ असेल, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला असेल, तर थांबू नये. तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी किंवा दारू घेणाऱ्यांनी तर अंदाज बांधत बसूच नये. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून घसा बघतात. काही मिनिटांचं काम असतं. काही नसेल तर भीती जाते, आणि कॅन्सर असला तरी लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता मोठी असते.