वाढते वय आणि फार्महाऊसवरचे गवत

नोकरीत असताना घेतलेला दिंडोरी, गिरणारे किंवा इगतपुरीकडचा जमिनीचा तुकडा निवृत्तीनंतर मोठा विरंगुळा ठरतो. मात्र पंचेचाळिशीत सहज पेललेले यंत्र सत्तरीत तितके हलके वाटत नाही. गवत तर दर पावसाळ्यात तेवढ्याच जोमाने वाढते.

यंत्र निवडण्यापूर्वी कापायचे किती, हे ठरवावे. घराभोवतीची मोकळी जागा, पायवाट आणि विहिरीकडचा रस्ता एवढे स्वच्छ असले तरी पुष्कळ झाले. घोणस, फुरसे यांचा धोका असतो तो याच जागी. उरलेले गवत गुरे पाळणाऱ्या शेजाऱ्याला नेण्याच्या बोलीवर द्यावे. मजुरांवर विसंबायचे असल्यास लवकर बोलणी करावीत, कारण गवत वाढलेले असते नेमक्या त्याच काळात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, द्राक्षबागांच्या छाटण्या सुरू होतात.

सर्वत्र दिसणारा पेट्रोलवरचा ग्रास कटर साधारण सात ते दहा किलो वजनाचा असतो. एका खांद्यावर अडकवण्याच्या प्रकारात कंबर आणि मान अवघडते. पाठीवरच्या प्रकारात भार दोन्ही खांद्यांवर विभागला जातो, पण यंत्र चढवताना-उतरवताना तोल सांभाळावा लागतो. खरी परीक्षा दोरी ओढून इंजिन सुरू करण्याची! दुखऱ्या खांद्याला तो झटका सोसत नाही. म्हणून दुकानात यंत्र थंड असताना स्वतः सुरू करून पाहावे. विक्रेत्याने करून दाखवणे पुरेसे नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात ऑईल मिसळावे लागते, विसर पडल्यास इंजिन जाम होते. फोर-स्ट्रोकमध्ये ही कटकट नाही. त्याचे ऑईल वेगळे भरतात.

बॅटरीचे यंत्र बटणावर सुरू होते, आवाज आणि कंपनेही कमी. घराभोवतीच्या कोवळ्या गवतासाठी ते उत्तम. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या मुसळधार पावसात माजलेल्या कंबरभर गवतापुढे मात्र बॅटरी लवकर संपते. सपाट जमिनीवर चाकांचे, ढकलायचे यंत्र वयस्करांना सर्वांत सोयीचे, कारण भार जमीन पेलते. उतारावर ते आडवे चालवावे, वर-खाली नव्हे. ओल्या उतारावर तर चालवूच नये.

प्रकृतीचा विचारही हवा. दीर्घकाळच्या कंपनांनी बोटे बधिर होतात, पांढरी पडतात. तेव्हा पंधरा-वीस मिनिटांनी थांबावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना जखम झाल्याचे चटकन कळत नाही, त्यांनी गमबूट घातल्याशिवाय गवतात पाऊल टाकू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना लहानशी जखमही महागात पडते. पेसमेकर बसवलेल्यांनी पेट्रोल इंजिन, विशेषतः पाठीवरचे, घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत पाते खड्याला लागले की तो गोळीसारखा उडतो. अशा ठिकाणी नायलॉन दोरी लावावी, तरीही चष्मा हवाच आणि इतरांना पंधरा मीटर दूर ठेवावे. गाजरगवत फुलण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावे. नुसते कापल्यास ते पुन्हा फुटते, शिवाय त्याच्या परागकणांनी दमा आणि त्वचेचे विकार बळावतात.

सातबारा नावावर असल्यास कृषी विभागाच्या यांत्रिकीकरण योजनेची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. पूर्वसंमतीविना घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही.