सायकल घेताना आधी ब्रेक बघा: रिमचा की डिस्कचा?

दहावी-बारावीचा निकाल लागला की वस्तीत सायकलीची बोलणी सुरू होतात. कॉलेज लांब, बस वेळेवर येत नाही आणि रिक्षाला रोज पैसे घालणे परवडत नाही. मग कुणी भिशी उचलतो, कुणी बचत गटातून कर्ज काढतो आणि पोराला-पोरीला घेऊन दुकानात जातो. तिथे रंग बघितला जातो, गिअर मोजले जातात. "डिस्क ब्रेकवाली घ्या, लेटेस्ट आहे," असे दुकानदार सांगतो. बारीक टायरची, वाकड्या हँडलची रोड बाईक हवी असेल तर पोरगाही डिस्कचाच हट्ट धरतो. पैसे मोजणाऱ्या आईला मात्र दोन्हींतला फरक कुणी समजावून सांगत नाही.

आरोग्याच्या पानावर सायकलीचे ब्रेक कशाला, असे कुणाला वाटेल. ड्रेसिंगच्या टेबलाशी उभे राहून आम्ही "ब्रेक लागलाच नाही" हे वाक्य फार वेळा ऐकले आहे. जखम बांधण्यापेक्षा ती टाळणे स्वस्त पडते, म्हणून हे पान.

थांबायला किती जागा लागते?

सायकल ताशी 20 किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरा. समोर अचानक लेकरू आले. ते दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला तरी सायकल साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे 18 फूट पुढे गेलेली असते. ब्रेकचे काम त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नाही, चौपट होते. आपल्या गल्ल्यांत दार उघडले की पाय थेट रस्त्यावर पडतो. तिथे एकेक फूट मोलाचा आहे.

दोन्ही ब्रेकचे काम कसे चालते?

रिम ब्रेकमध्ये दोन रबरी गुटके चाकाची रिमच दोन्ही बाजूंनी आवळतात. जुन्या काळ्या सायकलीचा दांडीचा ब्रेकही रिमलाच घासतो, फक्त आतल्या बाजूने. हा ब्रेक साधा असतो आणि डोळ्यांना दिसतो. रबर झिजले तर कोपऱ्यावरचा सायकलवाला थोड्या पैशात बदलून देतो. वायर तुटली तरी तासाभरात काम होते.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मध्यभागी पोलादाची पातळ चकती असते. कॅलिपरमधले छोटे पॅड ती चकती आवळतात. याचे दोन प्रकार आहेत. मेकॅनिकल डिस्क वायरने ओढली जाते, तर हायड्रॉलिक डिस्क नळीतल्या तेलाच्या दाबाने चालते. हायड्रॉलिकला बोटांचा जोर कमी लागतो आणि ब्रेक सारखा लागतो. पण तेलात हवा शिरली की ती काढायला अवजारे आणि माहितगार माणूस लागतो. स्वस्त सायकलींवर बहुतेक मेकॅनिकल डिस्क असते. त्यातल्या अनेकांत एकाच बाजूचा पॅड हलतो, म्हणून तो वारंवार जुळवून घ्यावा लागतो.

पावसात खरी परीक्षा

आपल्याकडे चार महिने पाऊस. रिम रस्त्याच्या जवळ असल्यामुळे तिच्यावर पाणी आणि चिखल सारखा उडतो. ब्रेक दाबल्यावर रबर आधी पाणी पुसते, मग पकड धरते. तोवर चाक फिरत राहते. रिम लोखंडी, चकचकीत मुलामा दिलेली असेल तर ओल्यात पकड फारच कमी होते. ॲल्युमिनियमची रिम पुष्कळ बरी. ओळखायचे कसे? घरातले लोहचुंबक सोबत न्या आणि रिमला लावा. चिकटले तर रिम लोखंडी समजा.

डिस्कची चकती रस्त्यापासून उंच असते आणि पॅड तिच्या अगदी जवळ असतात, म्हणून ओल्यातही ब्रेक लवकर लागतो. खड्ड्यात चाक आऊट झाले तर रिम ब्रेक घासायला लागतो, डिस्कला तितका फरक पडत नाही. शिवाय रोड बाईकच्या नेहमीच्या रिम ब्रेकमध्ये साधारण 28 मिलिमीटरपर्यंतचाच टायर मावतो. डिस्कच्या सायकलीत जाड टायर बसवता येतो, आणि आपल्या रस्त्यांना जाड टायर बरा.

पण एक गोष्ट विसरू नका. शेवटी सायकल थांबते ती टायरच्या पकडीवर. गुळगुळीत झालेला टायर, ओले मॅनहोलचे झाकण, रस्त्यावरचा रंगाचा पांढरा पट्टा, अशा ठिकाणी कितीही महाग डिस्क असली तरी चाक घसरते. तिथे वेग आधीच कमी करायचा.

स्पर्धेवाले काय वापरतात?

सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे यूसीआयने, रोड शर्यतींत डिस्क ब्रेकची चाचणी 2015 मध्ये सुरू केली. 2016 मध्ये पॅरिस-रूबे शर्यतीत एका खेळाडूने चकतीने पाय कापल्याची तक्रार केली आणि चाचणी थांबली. पुढे ती पुन्हा सुरू झाली आणि 2018 मध्ये कायमची परवानगी मिळाली. आज नव्या महागड्या रोड बाईक बहुतेक डिस्कच्याच येतात. पण त्याआधी वर्षानुवर्षे त्याच घाटांतून खेळाडू रिम ब्रेकवरच उतरत होते. म्हणजे रिम ब्रेक टाकाऊ झाला असे नाही.

मग आपण कोणती घ्यावी?

रस्ता सपाट आहे, कॉलेज किंवा काम पाच-सहा किलोमीटरवर आहे आणि बजेट बेताचे आहे, तर ॲल्युमिनियमची रिम आणि चांगला रिम ब्रेक घ्या. उरलेल्या पैशात हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि कुलूप येईल. त्याच किमतीत हलकी डिस्क आणि लोखंडी रिम मिळत असेल तर नुसत्या नावाला भुलू नका.

भांडुप-विक्रोळीसारखी डोंगरावरची वस्ती असेल, रोज उतार असेल, पाठीवर डिलिव्हरीची बॅग घेऊन भर पावसात फिरायचे असेल, तर डिस्कला दिलेले जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. मात्र घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: याचे पॅड इथे मिळतात का? दुरुस्ती कोण करतो? उत्तर गोलमोल आले तर थांबा.

जुनी रोड बाईक घेत असाल तर रिम ब्रेकवाली स्वस्तात मिळू शकते. रिमच्या बाजूवर बोट फिरवा. ती आत खोलगट झाली असेल तर रिम झिजली आहे आणि पुढे फुटू शकते. काही रिमवर झिजेची खूण म्हणून छोटा खड्डा किंवा रेघ असते. ती पुसली गेली असेल तर रिम बदलण्याचा खर्च किमतीत धरा. आणि "आता रिमवाली घे, नंतर डिस्क बसवू," असे कुणी म्हटले तर ऐकू नका. त्यासाठी फ्रेमवर वेगळी जागा लागते, हबही वेगळा लागतो.

पैसे देण्याआधी दुकानातच बघा

• जो चालवणार त्याचाच हात लिव्हरवर ठेवा. लहान हाताला लिव्हर लांब पडत असेल तर स्क्रू फिरवून जवळ आणून मागा.
• लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये.
• पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मग मागचा दाबून मागे ओढा. चाक फिरता कामा नये.
• रिमचे रबर रिमवरच बसले पाहिजे. टायरला घासले तर टायर फाटेल.
• हँडलच्या दोन्ही टोकांना रबरी बूच हवे. उघडा पाइप पोटात घुसतो.
• डिस्क नवी असेल तर मोकळ्या जागी हळूहळू वीसेक वेळा ब्रेक लावून पॅड बसू द्या. पहिल्याच दिवशी उतारावर जाऊ नका.

घरी आणल्यावर

चेनला तेल घालताना एक थेंबही रिमवर किंवा चकतीवर पडू देऊ नका, पकड जाते. चकतीला तेल लागले तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने स्वच्छ कपड्यावर पुसा. लांब उतारानंतर चकती चटका देण्याइतकी तापते, म्हणून लेकरांना हात लावू देऊ नका. सायकल उलटी करून चाक फिरवण्याचा खेळ तर बंदच करा. चकतीत आणि स्पोकमध्ये बोट गेले की तुटायला वेळ लागत नाही. मागे लहान मूल बसवत असाल तर चाकाला जाळी लावा. स्पोकमध्ये अडकून सोललेल्या टाचा भरायला आठवडे लागतात.

तरीही पडलेच तर

खरचटलेले नळाच्या वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, चुना, कॉफी भरू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते डॉक्टरांना सांगा. मनगट सुजले तर पुठ्ठ्याचा आधार बांधून एक्स-रे काढायला न्या, कुणाकडूनही ओढून-चोळून घेऊ नका.

सगळ्यात फसवा मार हँडलचा. पोटावर बाहेरून फक्त गोल वळ दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंड दुखावलेले असू शकते. काही तासांनी पोट दुखणे, उलटी, चेहरा पांढरा पडणे, घाम, चक्कर यांपैकी काही दिसले तर शेकू नका, चोळू नका, खायला-प्यायला देऊ नका, थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा बेशुद्धी आली तर 108 ला फोन करा. पोरगा रागावण्याच्या भीतीने मार लपवतो, म्हणून आधी पोट आणि डोके विचारा, सायकल नंतर.

ब्रेक रिमचा असो की डिस्कचा, दर रविवारी पाच मिनिटे द्या: लिव्हर दाबून बघा, रबर किंवा पॅड बघा, वायर बघा. पोरींनाही हे शिकवा, म्हणजे ब्रेक ढिला झाला म्हणून कुणाची वाट बघत बसावे लागणार नाही. सायकल घराला कॉलेजपर्यंत, कामापर्यंत नेते. ती वेळेवर थांबली पाहिजे, एवढे बघणे आपल्या हातात आहे.